धनुर्वात आणि मेंदूतील सांधे



मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस; पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, मिळेल ते वाचून झाले. तेव्हा मेंदूविषयी बोलायला मी का उभा राहिलो, ते आधी सांगितले पाहिजे. 1994 साली आमच्या वर्कशॉपातील एका फिटरच्या पायात खिळा शिरला. जखमेवर हळद दाबून खात्यात त्याला पुन्हा कामाला लावले. मीही "जपा" एवढेच म्हणालो. आठ-दहा दिवसांनी त्याची दातखीळ बसली, पाठ धनुष्यासारखी ताणली गेली, आणि तो गेला. टाचेतल्या एवढ्याशा भोकाने धडधाकट माणसाचे सर्वांग कसे आवळले जाते, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून होता.

त्याचे उत्तर मज्जापेशींच्या सांध्यांत आहे. या पेशी म्हणजे एकच अखंड जाळे, असे इटलीचे गोल्जी म्हणत. प्रत्येक पेशी सुटी आहे, असे स्पेनचे काहाल म्हणत. 1906 साली दोघांना नोबेल पारितोषिक वाटून मिळाले, तरी वाद मिटला नाही. काहाल बरोबर होते. दोन पेशींमध्ये फट असते, मिलिमीटरचा सुमारे पन्नास हजारावा भाग. या सांध्याला इंग्लंडच्या शेरिंग्टन यांनी 1897 साली सिनॅप्स हे नाव दिले. अलीकडच्या पेशीत रसायनाने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या असतात. त्या पेशीच्या भिंतीला चिकटून फुटतात, रसायन फटीत पडते आणि निरोप पलीकडे पोचतो.

पिशवी चिकटवतो कोण? अर्थात प्रथिने. पण सांध्याच्या नुसत्या पलीकडच्या काठावरच चौदाशेंहून अधिक जातींची प्रथिने मोजली गेली आहेत! कारखान्याचे मस्टर हाती आले म्हणजे नावे कळतात. कोण कोणाच्या जोडीने काम करतो, ते कळत नाही. सिंटॅक्सिन, सिनॅप्टोब्रेव्हिन आणि स्नॅप-25 ही तीन नावे अशीच मस्टरवर चढून बसली होती. 1993 साली न्यूयॉर्कमध्ये जेम्स रोथमन व त्यांचे सहकारी यांनी एक युक्ती केली. एनएसएफ नावाचे प्रथिन त्यांना आधीच ठाऊक होते. त्याची खोड अशी, की इंधन वापरता आले नाही तर ते जोडीदारांना धरून बसते. वापरता आले, की सोडते. गुरांच्या मेंदूच्या अर्कात त्यांनी ते गळासारखे टाकले, इंधन वापरू दिले नाही, चिकटले नव्हते ते सगळे धुऊन काढले, आणि मग खरे इंधन दिले. सुटून खाली आली ती हीच तीन!

सिनॅप्टोब्रेव्हिन पिशवीवर असते, उरलेली दोन भिंतीवर. तिघे मिळून चार पेडांचा दोर वळतात. पीळ घट्ट होतो तशी पिशवी भिंतीकडे ओढली जाते. सिनॅप्टोटॅग्मिन नावाचे चौथे प्रथिन कॅल्शियम आत शिरताच शेवटचा इशारा देते. हे थॉमस सुडहॉफ यांनी दाखवले. रोथमन, शेकमन आणि सुडहॉफ यांना 2013 साली नोबेल मिळाले.

आता आमचा फिटर. धनुर्वाताचे जंतू गंजात जन्मत नाहीत. ते मातीत आणि शेणात असतात. त्यांचे विष जखमेतून मज्जातंतूच्या वाटेने पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत चढते आणि स्नायूंना 'थांब' म्हणणाऱ्या पेशींत शिरते. तिथे ते काय करते, हे 1992 साली इटलीतील पादुआ येथे स्कियावो व माँतेकुक्को यांच्या गटाने दाखवले: ते सिनॅप्टोब्रेव्हिन कापते. दोराचा एक पेडच तुटला. मग 'थांब'चा निरोप निघणार कसा? पुढे जा म्हणणारे चालूच, थांब म्हणणारे मुके. सगळे स्नायू एकदम आवळतात ते म्हणून.

विष एकदा पेशीत शिरले, की बाहेरून टोचलेला उतारा त्याच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून लस आधीच हवी. हा रोग होऊन बरा झालेल्यालाही ती टोचावी लागते. कारण माणूस मरायला लागणारे विष इतके थोडे असते, की शरीर त्याची ओळखही ठेवत नाही. पुढच्या करारात आम्ही लसीचे कलम घालून घेतले. पहिल्या दिवशी रांगेत सर्वांत पुढे त्या फिटरचा धाकटा भाऊ होता.