मॉनिटर घेण्याआधी नंबर तपासा

पोलीस भरतीचे सराव पेपर, एमपीएससीची लेक्चरं, डेटा एन्ट्रीचं काम. आपल्या वस्तीतली पोरं-पोरी आता दिवसाचे सहा-सात तास स्क्रीनसमोर असतात. संध्याकाळी डोळे चुरचुरतात, कपाळ ठणकतं. दुकानदार सांगतो, ‘आय केअर’वाला मॉनिटर घ्या. घरातले पैसे घेऊन बर्डीवर जाण्याआधी हे वाचा.

एकटक पाहताना पापण्या कमी लवतात. एरवी मिनिटाला १५-२० वेळा लवणारी पापणी बरीच मंदावते आणि डोळा कोरडा पडतो. त्यात उन्हाळ्यात कूलरचा झोत थेट तोंडावर घेऊन बसलो तर विचारूच नका. हा कोरडेपणा कोणताही महागडा मॉनिटर घालवत नाही. दर २० मिनिटांनी २० फूट लांबच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावं. एका खोलीच्या घरात २० फूट कुठून आणायचे? दारात उभं राहून गल्लीच्या टोकाकडे पाहावं.

दुसरं कारण, चष्म्याचा नंबर. तो असेल आणि चष्मा नसेल, तर नवा मॉनिटर घेऊनही डोकं दुखतच राहील. मेडिकल आणि मेयो, दोन्हीकडे नेत्र विभाग आहे. सकाळी ओपीडीत जाऊन आधी नंबर काढून घ्यावा. औषधाच्या दुकानातून मनानेच थेंब आणू नयेत. त्यांत स्टेरॉइड असेल तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो.

घरात कुणाला शुगर असेल तर डोळ्याचा आतला पडदाही वर्षातून एकदा तपासावा. बाबासाहेबांना मधुमेह होता, अखेरच्या काळात त्यांची नजर अधू झाली होती, हे आपण भाषणांत सांगतो. आपल्याच आईचे डोळे तपासायचे मात्र राहून जातात.

एवढं करून मॉनिटर घ्यायचाच असेल, तर जरूर घ्या. फोन हातभर अंतराच्याही आत धरावा लागतो आणि जवळचं पाहताना डोळ्याचे स्नायू सतत ताणलेले राहतात. मोठ्या स्क्रीनवर अक्षर मोठं करून लांब बसता येतं. मात्र बरेच स्वस्त फोन मॉनिटरला थेट जोडता येत नाहीत, हे आधी विचारून घ्यावं.

जुना मॉनिटर घ्यायलाही हरकत नाही. काच चकचकीत नको, मॅट हवी. दुकानातच पांढरा पडदा लावायला सांगा, ब्राइटनेस कमी करा आणि समोर पेन भराभर हलवा. पेनाच्या तुटक-तुटक सावल्या दिसल्या तर तो मॉनिटर लुकलुकतो. साध्या नजरेला ते कळत नाही, पण काहींचं डोकं त्यानेच दुखतं. असा मॉनिटर घेऊ नये.

‘निळा प्रकाश अडवणाऱ्या’ चष्म्यावर मात्र जादा पैसे घालू नका, असं आमचं मत आहे. २०२३ साली कोक्रेनने १७ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. निदान थोड्या काळाच्या वापरात तरी, साध्या काचेपेक्षा या काचेने डोळ्यांचा ताण कमी होत असल्याचं त्यात दिसलं नाही.

घरी आणल्यावर मॉनिटर दाराच्या समोर किंवा दाराला पाठ करून ठेवू नका, आडवा ठेवा. नाहीतर उजेड काचेवर किंवा डोळ्यांवर येतो. अंतर हातभर. वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली. पेटीवर ठेवून खाटेवर बसलात तर मान मोडते, म्हणून खाली दोन विटा घाला. आणि रात्री घरचे झोपलेत म्हणून अंधारात स्क्रीन लावू नका. मागच्या भिंतीवर एक लहान दिवा राहू द्या.