पीतज्वर : बारा दिवसांचे कोडे

आफ्रिकेत नोकरीला निघालेली मुले दवाखान्यात येतात आणि विचारतात, "डॉक्टर, ही पिवळ्या तापाची लस घ्यायलाच हवी का? आपल्याकडे तर हा रोगच नाही." रोग नाही हे खरे. पण तो ज्या डासामुळे पसरतो, तो डास आपल्या घराघरांत आहे. म्हणून तर दाखल्याबाबत सरकार इतके कडक असते. ही लस माझ्यासारख्या खासगी डॉक्टरकडे मिळत नाही, सरकारमान्य केंद्रावर जावे लागते. प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी ती घ्यावी. २०१६ पासून तिचा दाखला जन्मभर चालतो.

आता प्रश्न असा, की हा रोग डासामुळे पसरतो हे कळले कसे? वाचकहो, ती हकीकत मोठी आहे आणि तिच्यात माणसांचे जीव गेले आहेत.

पीतज्वरात आधी थंडी वाजून ताप येतो, अंग ठणकते. काहींना एकदोन दिवस बरे वाटते आणि मग रोग उलटतो. डोळे व कातडी पिवळी पडते, काळी उलटी होते. ती काळी दिसते पोटात झालेल्या रक्तस्रावामुळे. १७९३ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात या रोगाने सुमारे पाच हजार माणसे नेली. तेव्हा बहुतेकांचा समज असा, की घाणेरडी हवा किंवा रोग्याचे कपडे व अंथरूण यांतून तो पसरतो. म्हणून अंथरुणे जाळत, जहाजे बंदराबाहेर अडकवून ठेवत. तरी साथ यायची ती यायचीच.

क्यूबातील हवाना शहरातले डॉक्टर कार्लोस फिनले यांनी १८८१ साली सांगितले, की हे काम डासाचे आहे. नुसते सांगितले नाही, डासाची जातही दाखवली. पायांवर पांढरे पट्टे असलेला, घरातल्या साठवलेल्या पाण्यात वाढणारा. लोक हसले. त्यात फिनले यांची अडचण अशी, की रोग्याला चावलेले डास त्यांनी सुमारे शंभर जणांना चावू दिले, पण त्यातून निर्विवाद पुरावा काही मिळेना. उत्तर बरोबर होते, पण गणित सुटत नव्हते. पुढे जवळजवळ वीस वर्षे या गृहस्थांनी आपले म्हणणे सोडले नाही, याचे मला फार कौतुक वाटते.

दरम्यान १८९७ साली आपल्याकडे सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू दिसले. त्यामुळे फिनले यांना हसणे थोडे अवघड झाले. १८९८ साली मिसिसिपी राज्यातील खेड्यांत हेन्री कार्टर या डॉक्टरांनी एक साधी नोंद केली. घरात पहिला रोगी पडल्यावर लगेच भेटीला आलेल्यांना काही होत नाही. दोन आठवड्यांनी आलेल्यांना मात्र रोग होतो, मग तो पहिला रोगी तिथे असो वा नसो. म्हणजे मधल्या काळात रोग कुठे तरी पिकत होता.

१९०० साली अमेरिकी सैन्याने वॉल्टर रीड यांच्या नेतृत्वाखाली चार डॉक्टरांचा आयोग हवानाला पाठवला. फिनले यांनी त्यांना डासांची अंडी दिली. आयोगातले जेसी लाझिअर यांनी डास वाढवून प्रयोग सुरू केले, पण पहिले प्रयत्न फसले. मग २७ ऑगस्टला त्यांचे सहकारी जेम्स कॅरोल यांनी हात पुढे केला. त्यांना चावलेल्या डासाने बारा दिवसांपूर्वी एका रोग्याचे रक्त प्यायले होते. कॅरोल आजारी पडले आणि कसेबसे वाचले. सप्टेंबरात लाझिअर यांना डास चावला. हातावर बसलेला डास आपण हाकलला नाही, असे त्यांनी सांगितले. तो चावा त्यांनी मुद्दाम घेतला असावा, अशी शंका पुढे व्यक्त झाली. २५ सप्टेंबरला ते गेले. वय ३४. नुकतेच जन्मलेले दुसरे मूल त्यांनी पाहिलेही नव्हते.

फिनले यांचे कोडे इथे सुटले. डासाने रोग्याला तापाच्या पहिल्या दोनतीन दिवसांतच चावले पाहिजे आणि नंतर सुमारे बारा दिवस गेले पाहिजेत. तेव्हा कुठे तो रोग देऊ शकतो. फिनले यांचे डास दोनचार दिवसांतच दुसऱ्याला चावत होते.

लोकांची खात्री पटावी म्हणून रीड यांनी लाकडी घरे बांधून घेतली. एका घरात रोग्यांच्या उलटीने व मळाने बरबटलेल्या अंथरुणांत तीन माणसे वीस रात्री झोपली. वास काय असेल याची कल्पना करा! एकालाही ताप आला नाही. दुसरे घर स्वच्छ, मध्ये तारेची जाळी. जाळीच्या एका बाजूला डास सोडलेले. तिथे जॉन मोरान नावाचा तरुण जाऊन झोपला आणि नाताळच्या दिवशी तापाने पडला. जाळीपलीकडचे ठणठणीत राहिले. स्पेनहून आलेल्या मजुरांनीही प्रयोगात भाग घेतला. त्यांना शंभर डॉलर, आजारी पडल्यास आणखी शंभर. धोका काय आहे हे लिहून त्यांच्या सह्या घेतल्या होत्या. गरिबाला शंभर डॉलर दाखवून घेतलेली संमती कितपत खरी, हा प्रश्न मला पडतो. तरी त्या काळी एवढेही कोणी करत नसे. १९०१ साली हवानातच अशा प्रयोगात क्लारा मास ही पंचवीस वर्षांची परिचारिका दगावली.

पुढचे काम विल्यम गॉर्गस यांनी केले. माणसे घरोघर पाठवून पाण्याचे साठे झाकायला लावले, साचलेल्या पाण्यावर रॉकेल टाकले, रोग्यांना जाळीत ठेवले. १९०१ च्या सप्टेंबरनंतर हवानात पीतज्वर जवळजवळ थांबला.

तोच पांढऱ्या पट्ट्यांचा डास आपल्याकडे डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवतो. पिंप नुसते रिकामे करून भागत नाही. त्याची अंडी पाण्याच्या रेषेजवळ भांड्याच्या कडेला चिकटतात, कोरडी असली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी लागले की फुटतात. म्हणून आठवड्यातून एकदा हौद, पिंप, कूलर आतून घासून धुवावा लागतो. टाकून दिलेले टायर आणि नारळाच्या करवंट्याही यातच आल्या.