हुमणी

हुमणी ही भुंगेऱ्याची जमिनीत राहणारी अळी असून महाराष्ट्रात ऊस, भुईमूग, बटाटा, सोयाबीन, बाजरी इत्यादी पिकांची मुळे कुरतडणारी कीड म्हणून ती ओळखली जाते. कीटकांच्या कोलिओप्टेरा या गणातील स्कॅरॅबिडी कुळात तिचा समावेश होतो. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या खोऱ्यांतील बागायती पट्ट्यात, तसेच माळरानालगतच्या शेतांत तिचा उपद्रव आढळतो. शत्रू पिकाखालीच असतो, पण तो दिसत नाही, आणि एकदा घालवला तरी पुढच्या पावसाळ्यात पुन्हा येतो, ही तिची खरी अडचण आहे. व्हिडिओ गेम खेळणाऱ्या विद्यार्थ्यांना १९८६ साली सुरू झालेल्या 'द लेजंड ऑफ झेल्डा' या मालिकेतील 'लीव्हर' हा वाळूतून अचानक वर येणारा शत्रू परिचित असेल. हुमणीचे वागणे काहीसे तसेच असले, तरी ती वर येते ती भुंगेरा होऊनच आणि वर्षातून एकदाच.

प्रकार

महाराष्ट्रातील हुमणीच्या दोन जाती प्रमुख मानल्या जातात. होलोट्रिकिया सेराटा ही माळावरील, तर ल्युकोफोलिस लेपिडोफोरा ही नदीकाठची हुमणी होय. दुसरीचा त्रास कृष्णा व वारणा यांच्या काठच्या मळीच्या जमिनींत विशेष जाणवतो. राजस्थान व गुजरातच्या वालुकामय पट्ट्यांत भुईमूग व बाजरीची नासधूस करणारी होलोट्रिकिया कॉन्सँग्विनिया ही त्यांचीच भावकी आहे. मोकळी, भुसभुशीत जमीन या साऱ्यांनाच मानवते.

स्वरूप व जीवनक्रम

अळी पांढरट, मांसल, तपकिरी डोक्याची व पायांच्या तीन जोड्या असलेली असते. मातीतून बाहेर काढली की ती इंग्रजी 'सी' अक्षरासारखी वाकडी होऊन पडते. हिची वर्षाला एकच पिढी होते आणि तिचे वेळापत्रक पावसाशी बांधलेले असते.

वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला, म्हणजे साधारणतः रोहिणी वा मृग नक्षत्राच्या सुमारास, जमिनीत निपचित पडून असलेले भुंगेरे संध्याकाळी अंधार पडताना बाहेर येतात. ते बांधावरील कडुनिंब, बाभूळ, बोर या झाडांवर जमतात, पाला खातात, तेथेच त्यांचे मीलन होते आणि पहाटेपूर्वी ते पुन्हा जमिनीत शिरतात. मादी मातीत वेगवेगळी अंडी घालते. एका मादीची अंडी पन्नास-साठांच्या घरात जातात. सुमारे दोन आठवड्यांत अंड्यातून अळी बाहेर पडते. सुरुवातीस ती जमिनीतील सेंद्रिय पदार्थांवर जगते, मग कोवळ्या मुळांकडे वळते. तिसऱ्या अवस्थेतील मोठी अळी सर्वांत खादाड असते आणि ऑगस्टपासून पुढे पावसाळा सरेपर्यंत तिचा धुमाकूळ चालतो. नंतर ती खोल जाऊन कोषात जाते. कोषातून निघालेला भुंगेरा लगेच वर येत नाही. तो पुढच्या वळवाची वाट पाहत मातीतच थांबतो.

नुकसानीची ओळख

ऊस प्रथम पिवळा पडतो, निस्तेज दिसतो व पुढे वाळतो. पाण्याची वा खताची कमतरता समजून अनेकदा या लक्षणाकडे दुर्लक्ष होते. मुळे उरलेली नसल्याने बेट हाताने ओढले तरी सहज उपटून येते आणि बुडख्याशी उकरले असता अळ्या सापडतात. बटाट्यात हुमणी कंदच पोखरते. आंबेगावातील सातगाव पठार खरिपातील बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि भोके पडलेल्या बटाट्याला बाजारात भाव मिळत नाही, हे वेगळे सांगावयास नको.

जुन्नर-आंबेगावातील परिस्थिती

माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे व पिंपळगाव जोगे या धरणांच्या कुकडी प्रकल्पामुळे या भागात बारमाही पाणी आले व उसाखालील क्षेत्र वाढले. जुन्नर तालुक्यात विघ्नहर आणि आंबेगाव तालुक्यात भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने आहेत. लागणीचा ऊस तुटल्यावर त्याच मुळांवर खोडवा घेतला जातो. म्हणजे ती जमीन दोन-तीन वर्षे नांगरलीच जात नाही. हुमणीला अशी निवांत जागा दुसरी कोणती मिळणार? उकिरड्यातले न कुजलेले शेणखतही तिला शेतात पोहोचविते, कारण अशा खतातून अळ्या व अंडी येण्याचा संभव असतो.

याच उसाने बिबट्यालाही आसरा दिला आहे. जुन्नर वन विभागातील जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर या तालुक्यांत माणूस आणि बिबट्या यांचा संघर्ष सर्वश्रुत असून माणिकडोह येथे बिबट्या निवारा केंद्र आहे. भुंगेरे गोळा करण्याची वेळ आणि बिबट्याच्या वावराची वेळ एकच, ती म्हणजे तिन्हीसांजेनंतरची. 'रात्री आठ वाजता बांधावरची झाडे हलवावीत' हा सल्ला पुस्तकात सोपा वाटतो. येथे मात्र तो एकट्यादुकट्याने पाळण्यासारखा नाही. चार-सहा जणांनी, विजेऱ्या घेऊन, बोलत-चालत जाणेच शहाणपणाचे, आणि मुलांना या कामाला मुळीच नेऊ नये.

नियंत्रण

सर्वांत परिणामकारक वेळ ही भुंगेऱ्यांची आहे, अळीची नव्हे. अंडी घालण्यापूर्वी मारलेली एक मादी म्हणजे पुढच्या पन्नासेक अळ्या टळल्या. यासाठी झाडांच्या फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकतात किंवा प्रकाश सापळे लावतात. सापळ्याचा फायदा असा, की तो लावून माणसाला घरी परतता येते. मात्र भुंगेरा उडणारा असल्याने शेजारच्या शिवारातून तो पुन्हा येतो. एका शेतकऱ्याने केलेला उपाय तोकडा पडतो तो यामुळेच, आणि तो सलग काही वर्षे गावाने मिळून करावा लागतो.

पीक निघाल्यावर खोल नांगरट केली असता अळ्या व कोष उघडे पडतात व बगळे, कावळे, साळुंक्या त्या वेचून खातात. नांगराच्या मागे चालणारे बगळ्यांचे थवे या भागात नेहमीचेच दृश्य आहे. ज्या शेतात उपद्रव फार आहे तेथे खोडवा न घेता पिकाची फेरपालट करणे श्रेयस्कर ठरते. जैविक उपायांत मेटारायझियम ॲनिसोप्ली व ब्युव्हेरिया या बुरशी आणि कीटकांना मारणारे सूक्ष्म सूत्रकृमी यांचा वापर होतो. बुरशीला ओलावा लागतो. म्हणून ती पावसाळ्याच्या आरंभी, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून द्यावी लागते. कोरड्या, तापलेल्या जमिनीत टाकलेली बुरशी वाया जाते.

पूर्वी फोरेट हे दाणेदार कीटकनाशक सर्रास वापरले जाई. ते अतिविषारी असून केंद्र शासनाच्या २०१८ च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर बंदी आहे. पिवळा ऊस पाहून सप्टेंबरात औषध ओतण्याची सवय अद्याप गेलेली नाही. तोवर अळी मोठी व चिवट झालेली असते, दाट उसात औषध मुळापर्यंत नीट पोहोचत नाही आणि खर्च तेवढा पदरी पडतो. जूनमध्ये एक पंधरवडा संध्याकाळी बांधावरील कडुनिंब व बाभळी पाहून भुंगेऱ्यांची संख्या मोजली, तर त्या वर्षी उपद्रव किती होईल याचा अंदाज ऊस पिवळा पडण्याच्या दोन-तीन महिने आधीच बांधता येतो.