साधा मजकूर, मराठी मजकूर
लेखांक ६ : टीप कुठे ठेवायची?

विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कळफलक चालू करा आणि मार्कडाउनमधली तळटिपेची सर्वपरिचित खूण टाईप करून पाहा. उघडा चौकटी कंस, छपरासारखी कॅरटची खूण, आकडा, बंद चौकटी कंस. पडद्यावर उमटतो आधी ड, मग त्र, मग आकडा आणि शेवटी लोंबकळणारा एक नुक्ता. चौकटी कंसांच्या कळा इनस्क्रिप्टने अक्षरांना देऊन टाकल्यात आणि ६ वरच्या शिफ्टला त्र बसवलाय. महिरपी कंस मागितले तर ढ आणि ञ मिळतात, तारका मागितली तर श्र. मागच्या लेखांकात आपल्या एडिटरमधल्या मथळ्यासाठी हॅश न घेता खाली आडव्या रेघा मारायच्या ठरवल्या त्या याचसाठी. इनस्क्रिप्टवर आडवी रेघ जागच्या जागी आहे, स्वल्पविराम आहे, पूर्णविराम आहे आणि ९ व ० वर गोल कंस आहेत. आपलं भांडवल एवढंच.

फोनेटिकने लिहिणाऱ्यांना हा जाच नाही, हे खरं. पण कोथरूडमध्ये दर दोन सोसायट्यांआड कुणी ना कुणी निवृत्तीनंतर गावाचा, घराण्याचा नाहीतर संस्थेचा इतिहास लिहायला बसलेलं असतं. त्यांतले इनस्क्रिप्टवाले प्रत्येक टिपेला कळफलक बदलून इंग्रजीत जातील आणि परत येतील, अशी अपेक्षा ठेवणारा एडिटर त्यांच्या कामाचा नाही.

[^१] ही खूण आली कुठून? जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये मार्कडाउन मांडलं तेव्हा त्यात तळटीप नव्हतीच. ती नंतर मिशेल फोर्टिन, फ्लेचर पेनी यांच्या विस्तारांतून आली, पॅनडॉकने उचलली आणि गिटहबवर उमटायला २०२१ साल उजाडलं. मजकुरात खूण करायची, टीप खाली कुठेही लिहायची आणि दोन्हीकडे एकच नाव द्यायचं, अशी ही रीत. तिच्यातली उत्तम गोष्ट म्हणजे कंसातला आकडा हा आकडा नसून नाव असतं. तिथे ७ लिहा किंवा ७०, छापताना क्रमांक यंत्र लावतं. पेजमेकरवर मराठी पुस्तकं लावणाऱ्यांना याची किंमत विचारा. त्यात तळटिपेची सोय नव्हती. लेखकाने दुसऱ्या प्रुफात तिसऱ्या टिपेआधी एक टीप घुसवली की पुढचे सगळे आकडे हाताने बदलायचे आणि पानं पुन्हा भरायची.

मग मराठीत नावंच द्यावीत की! इथे दुसरा खड्डा आहे. नाव ओळखण्यासाठी प्रोग्रामर मंडळी सवयीने रेग्युलर एक्सप्रेशनमधला ‘शब्दातलं अक्षर’ हा संकेत वापरतात. जावास्क्रिप्टमध्ये त्याचा अर्थ इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अधोरेघ एवढाच. पायथनचा अंगभूत संकेत देवनागरी ओळखतो, पण ‘टीप’ मधला ट त्याला अक्षर वाटतो आणि दीर्घ वेलांटी वाटत नाही. वेलांटीपाशी आपलं नाव तुटतं. हा खड्डा निदान बुजवता येतो, नेमके नियम लिहून. ‘कऱ्हाड’चा खड्डा याहून वाईट. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवला जातो: एक स्वतंत्र ऱ घेऊन, दुसरा साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. युनिकोडचं प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. मजकुरातली खूण एका तऱ्हेने आणि खालची टीप दुसऱ्या तऱ्हेने लिहिली गेली, की एडिटर सांगणार, ‘या नावाची टीप सापडली नाही’. लेखक बिचारा दोन हुबेहूब शब्दांकडे बघत बसणार. म्हणजे आपण नावांना परवानगी दिली, तर हे जुळवून घेण्याचं काम आपल्याच कोडला करावं लागेल.

त्यापेक्षा नाव नकोच, टीप जिथे सुचते तिथेच लिहावी. लाटेकमध्ये हे फार जुनं आहे, पण तिथे तिरकी रेघ आणि महिरपी कंस लागतात. २००४ मध्येच आलेल्या डोकुविकीने मात्र दोन गोल कंसांत टीप घातली. निवड करताना इनस्क्रिप्ट त्यांच्या ध्यानीमनीही नसेल, पण आपल्याला ती आयती मिळाली. अशी दिसते:

कर्वे आपला आश्रम घेऊन हिंगण्याला आले((१९०० मध्ये. अनाथ बालिकाश्रमाची स्थापना मात्र १८९६ ची.)) तेव्हा कोथरूड हे पुण्याबाहेरचं खेडं होतं.

कळफलक एकदाही बदलला नाही. अडचण येते ती टिपेच्या शेवटी साल कंसात आलं की: ((कर्वे, आत्मवृत्त (१९१५))). तीन कंस एकापुढे एक. पहिले दोन दिसताच टीप संपली असं यंत्राने मानलं, तर सालाचा कंस उघडाच राहतो आणि तिसरा कंस मुख्य मजकुरात येऊन पडतो. म्हणून आपला नियम: आत उघडलेले एकेरी कंस मोजत जायचे आणि ते मिटल्यावरच टीप मिटवायची. कोडच्या दहाबारा ओळी वाढतील, वाढू देत. ‘टिपेच्या शेवटी पूर्णविराम द्यायला विसरू नका’ असं लेखकाला बजावण्यापेक्षा ते बरं.

जागच्या जागी लिहिलेली टीप लांबली की मूळ वाक्य हरवतं, हा आक्षेप मला मान्य आहे. चार ओळींच्या टिपेनंतर क्रियापद शोधत जावं लागतं. पण खुणा मजकुरात न घालताही टिपा देता येतात, आणि त्याचा मोठा नमुना आपल्या शेजारीच आहे. कोथरूडहून कर्वे रस्त्याने नळ स्टॉपला या आणि लॉ कॉलेज रस्त्याला वळा. तिथल्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं, १९२५ पासून विष्णु सीताराम सुखठणकर प्रमुख संपादक झाले आणि १९६६ मध्ये १९ खंडांचं ते काम पुरं झालं. त्यातलं कुठलंही पान उघडा. वर श्लोक, खाली बारीक टाईपात पाठभेदांची दाटी, कधीकधी श्लोकांपेक्षा जास्त. तरीही श्लोकांच्या डोक्यावर टिपांचे आकडे नाहीत. खालची नोंदच श्लोकाचा क्रमांक आणि चरणाचं अक्षर सांगते, मग कुठल्या हस्तलिखितात काय आहे ते संकेताक्षरांनी देते. वरच्या मजकुरात दिसते ती फक्त नागमोडी रेघ, जिथे संपादकांना स्वीकारलेल्या पाठाची पुरती खात्री नाही तिथे.

हे चालतं, कारण श्लोकाला आधीपासून पत्ता आहे. मुनेओ तोकुनागा यांनी तयार केलेल्या आणि जॉन स्मिथ यांनी सुधारलेल्या संगणकीय संहितेत तर हा पत्ता प्रत्येक ओळीच्या सुरुवातीलाच असतो: दोन आकडे पर्वाचे, तीन अध्यायाचे, तीन श्लोकाचे आणि एक अक्षर चरणाचं. साध्या मजकुराची याहून शहाणी फाइल मी पाहिलेली नाही. ओव्या-अभंगांवर लिहिणाऱ्यांसाठी आपणही हेच ठेवू: टीप वेगळ्या फाइलमध्ये, सुरुवातीला अध्याय आणि ओवी, मध्ये पूर्णविराम. गद्याला मात्र असा पत्ता नसतो. परिच्छेदांना क्रमांक दिले तर नवा परिच्छेद घुसताच पेजमेकरचं जुनं दुखणं परत येतं. तेव्हा गद्याला दुहेरी कंसच. लांब टीप एडिटर लिहिताना मिटून ठेवेल, कंसांपाशी नुसता ठिपका दिसेल, कर्सर नेला की उलगडेल.

शेवटचा नियम बंद करायच्या राहिलेल्या कंसांचा. तो नसेल तर एक चुकलेली टीप पुढचं अख्खं प्रकरण पोटात घेते आणि छापील पानावर तीन ओळी वर, बाकी सगळं खाली, असा प्रकार होतो. आपली टीप रिकाम्या ओळीपलीकडे जाणार नाही. तिथवर बंद कंस मिळाले नाहीत, तर एडिटरने ते आपल्या मनाने घालायचे नाहीत. उघडे कंस लाल करायचे आणि मजकूर आहे तसा ठेवायचा. दोन परिच्छेदांची टीप यामुळे लिहिता येणार नाही. ज्याला ती लिहायची आहे त्याने परिशिष्ट जोडावं. पुढच्या आठवड्यात संदर्भसूची. तिथे नावांवाचून सुटका नाही, तेव्हा ‘कऱ्हाड’चं काय करायचं ते पाहू.