नांगर शेतातला आणि नांगर पाण्यातला

 मी चाकूरहून बोलतेय. बचत, कर्ज, हप्ते हे विषय आपण नेहमीच बोलतो. आज जरा वेगळं बोलायचंय. दिवाळीनंतर आम्ही सगळे घरचे दोन दिवस होडीत बसायला कोकणात गेलो होतो, त्याबद्दल.

तुम्ही म्हणाल, चाकूरच्या बाईला होडी कशाला? २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा डबे होते आणि त्यात पाच लाख लिटर पाणी होतं. त्या जिल्ह्यातल्या बाईनं होडीच्या गोष्टी सांगायच्या म्हणजे हसूच येणार. पण आपल्याकडे पाणी कमी असलं तरी पाण्याची भीती कमी नाही. आमच्या घरात तर ती जास्तच आहे. माझी नणंद बारा वर्षांची असताना विहिरीत पाय घसरून गेली. तेव्हापासून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पाण्याच्या काठाला जात नाहीत. लेकरांनाही जाऊ देत नाहीत. त्यामुळं घरात एकालाही पोहता येत नाही. भीतीनं आम्ही पाण्यापासून लांब राहिलो आणि म्हणून पाण्याबद्दल काहीच शिकलो नाही.

जायचं कारण आमच्या गटाचंच. सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याला मांडवी खाडी आहे. तिथं स्वामिनी महिला बचत गटाच्या बाया २०१७ पासून पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. वल्हं त्यांच्याच हातात असतं आणि माहितीही त्याच सांगतात. मासेमारी करणाऱ्या घरांतल्या बाया, दारातली खाडी त्यांना लहानपणापासून ठाऊक, तिचाच त्यांनी धंदा केला. हे मी बैठकीत सांगत होते, तेव्हा माझी लेक म्हणाली, "आई, तू नुसतं सांगतेस, आपण बघायला कधी जायचं?" मग वर्षभर घरात वेगळा डबा ठेवला. सोयाबीन घरात आलं, हरभरा पेरून झाला आणि भाऊबीज झाल्यावर एसटीनं कोल्हापूर, तिथून आंबोली घाटानं सावंतवाडी आणि मग वेंगुर्ला असं गेलो. आत्याबाई म्हणाल्या, "मी येते, पण काठावर बसते."

शनिवारी सकाळी साडेनऊला खाडीवर गेलो, तर होड्या चिखलात बसलेल्या. मुलगा रडकुंडीला आला, "पाणीच नाही!" तेव्हा तिथल्या एका ताईनं भरती-ओहोटी समजावून सांगितली. चंद्राच्या आणि सूर्याच्या ओढीनं समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. चढायला साधारण सहा तास लागतात, उतरायला तेवढेच. अमावास्या-पौर्णिमेला पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमाराला चढ-उतार कमी असतो, त्याला भांग म्हणतात.

वेळ काढायचा हिशेब तर आपल्या कॅलेंडरवरच होतो. तिथीची पाऊणपट करायची. त्या दिवशी पंचमी होती. पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे पावणेचारच्या सुमाराला भरती पूर्ण होणार आणि त्याच्या सहा तास आधी, म्हणजे पावणेदहाच्या आसपास, ओहोटी. म्हणून सकाळी चिखल. हा अंदाज आहे, थोडं पुढंमागं होतं, पण कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांना तो तोंडपाठ असतो.

दुपारी पाणी चढलं. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कुणालाही होडीत घेत नव्हते. आत्याबाई काठावर उभ्या. त्या ताईनं हात पुढं केला आणि म्हणाली, "आजी, भिया नकात, मधी बसा." कसं कोण जाणे, पण आत्याबाई बसल्या. माझं मनगट त्यांनी असं धरलं होतं की संध्याकाळपर्यंत वळ होते.

वल्ह्याच्या होडीला आवाज नसतो. दोन्ही बाजूंना कांदळवन. ही झाडं खाऱ्या पाण्यात आणि चिखलात वाढतात. चिखलात हवा नसते, म्हणून काहींची मुळं खुंटांसारखी वर येतात आणि हवा घेतात. काहींचं बी झाडावर असतानाच रुजतं. शेवग्याच्या शेंगांसारखं लोंबतं आणि वेळ झाली की खाली पडून चिखलात उभं रुततं. मासे आणि खेकडे या मुळांत पिल्लं वाढवतात आणि लाटांनी काठ वाहून जात नाही. आत्याबाई सगळं ऐकून म्हणाल्या, "म्हणजे हा यांचा बांधच की." बरोबरच होतं.

रविवारी कर्ली खाडीवर गेलो. ही नदी भोगवे आणि देवबागजवळ समुद्राला मिळते. ओळखीतून एका मच्छीमार दादांची छोटी होडी मिळाली. दुपारचं जेवण पाण्यातच करायचं ठरलं होतं. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि तिथल्या वहिनींनी दिलेली सोलकढी. जागेवर आल्यावर दादा म्हणाले, "आता नांगर टाकूया." आमचे हे हसले, "इथं काय पेरणार?"

पण मैत्रिणींनो, तो खरंच नांगरच असतो. मला वाटायचं, जड लोखंड टाकलं की त्याच्या वजनानं होडी थांबत असेल. तसं नाही. त्याला फाळासारखे दाते असतात आणि दोर आडवा ओढला गेला की ते तळाच्या चिखलात रुततात. आपण नांगरताना रुमणं दाबतो, म्हणून फाळ जमिनीत राहतो. इथं रुमणं दाबायला कुणी नसतं. म्हणून नांगराजवळ साखळी लावतात, ती तळावर पडून राहते आणि ओढ आडवी ठेवते. शिवाय दोर लांब सोडायचा. पाणी दोन परस खोल असेल तर दोर किमान दहा परस, म्हणजे पाचपट. वारा जोराचा असेल तर आणखी. दोर आखूड ठेवला तर ओढ वरच्या बाजूला बसते आणि नांगर निघून येतो. भरती चढत असेल तर पाणी खोल होत जातं, म्हणून आधीच जादा दोर सोडायचा. नांगर टाकायचा तो होडीच्या पुढच्या टोकावरून, म्हणजे होडी वाऱ्याला तोंड देऊन उभी राहते. निघताना होडी बरोबर नांगराच्या वर आणायची आणि दोर सरळ वर ओढायचा, की तो सहज सुटतो. धरून ठेवायचं असेल तर ओढ आडवी, सोडवायचं असेल तर उभी.

नांगर बसला का हे बघायची युक्तीही त्यांनी सांगितली. काठावरचा एक माड आणि त्याच्या मागचं एक घर एका रेषेत धरायचं. थोड्या वेळानं बघायचं. रेष फार हलली तर नांगर सरकतोय. लेकरांना हेच काम दिलं. एक तास दोघंही माडावर नजर ठेवून होती.

तो एक तास मी काहीच केलं नाही. ना फोन, ना वही. दुपारचा खारा वारा समुद्राकडून येत होता आणि होडी हळू हळू डुलत होती. आत्याबाईंनी हात पाण्यात घातला. बराच वेळ तसाच ठेवला. मग म्हणाल्या, "तिला असं जॅकेट असतं तर." कुणीच काही बोललं नाही. इतक्या वर्षांत त्यांनी तिचा विषय पहिल्यांदा स्वतःहून काढला होता.

बायांना समुद्र झेपत नाही असं कुणी म्हणालं, तर त्याला सांगा. नौदलाच्या सहा महिला अधिकारी २०१७ च्या सप्टेंबरमध्ये 'तारिणी' नावाच्या शिडाच्या बोटीनं गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीला फेरी मारून २०१८ च्या मे महिन्यात गोव्यात परत आल्या. आपण तर खाडीतच बसायचं आहे.

कुणाला जायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा. परवाना असलेलीच होडी घ्या आणि किती माणसं चालतात ते आधी विचारा, जास्त बसवत असतील तर उतरा. जॅकेटचे पट्टे बांधलेले हवेत, लेकरांना त्यांच्या मापाचं हवं. होडीत मधे बसा, फोटोसाठी उभं राहू नका. पावसाळ्यात जाऊ नका. अंधाराच्या आत काठाला या. आणि सहलीसाठी गटातून कर्ज काढू नका, वर्षभर डब्यात साठवा.

पण ही गोष्ट कोकणात संपत नाही. परत आल्यावर आत्याबाईंनीच विचारलं, "आपल्या शेततळ्याचं काय?" आपल्याकडे आता कितीतरी शिवारांत शेततळी आहेत. आत प्लॅस्टिकचा कागद असतो. ओला झाला की तो इतका गुळगुळीत होतो की पोहता येणारा माणूसही वर चढू शकत नाही. धरायला काहीच नसतं. मग आमच्या गटानं ठरवलं, ज्या घरी शेततळं आहे तिथं चारही बाजूंनी काठावर खुंट ठोकायचे आणि गाठी मारलेला दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवायचा. शिवाय हवा भरलेली एक जुनी ट्यूब दोराला बांधून काठावर ठेवायची. भोवती काटेरी कुंपण आणि फाटकाला कडी. कुणी पडलंच तर मागं उडी मारायची नाही, ट्यूब फेकायची. पोहता न येणारा वाचवायला गेला तर दोघंही जातात.

पहिला दोर आमच्याच शेततळ्याला बांधला. गाठी आत्याबाईंनी मारल्या आणि प्रत्येक गाठ ओढून बघितली. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. कुणाकुणाच्या शेततळ्याला दोर नाही, तेवढी यादी करा. दोन-चारशे रुपयांचं काम आहे.

येते मग. पाण्याला भिऊ नका, पण त्याला ओळखून राहा. नमस्कार.