गाडी जपली तिने, भाव कोण ठरवणार?

मैत्रिणींनो, इटालियन गाडी म्हटलं की सिनेमातली उघड्या टपाची स्पोर्ट्स कार आठवते. आपल्याकडे मात्र इटलीची गाडी आली ती बंद टपाची, चार दरवाजांची, अगदी संसारी! फियाट! वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर कंपनी काढली आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट बनू लागली. तीच नंतर ‘पद्मिनी’ झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतली पद्मिनी 30 ऑक्टोबर 2023 ला रस्त्यावरून गेली. घरोघरी जपलेल्या फियाट मात्र अजून आहेत.

अशीच 1972 सालची एक फियाट आमच्या उंबरमाळीजवळ विकायला निघाली. मालक वारले होते. स्टिअरिंगजवळचा गिअर, मूळ रंग, मूळ इंजिन, सगळं जसंच्या तसं. कसारा घाटाच्या पायथ्याचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे; चार महिन्यांत पत्र्याला गंज धरतो. पण त्या वहिनी गाडी कोरडी पुसायच्या, खाली साठलेला चिखल काढायच्या, आठवड्यातून एकदा मुलाकडून इंजिन चालू करून घ्यायच्या. नवऱ्याचं आजारपण सुरू असतानाही यात खंड पडला नाही.

गिऱ्हाईक आलं तेव्हा ओटीवर बोलायला बसले दीर. वहिनींनी किंमत विचारली तर, “वहिनी, तुम्हाला गाडीतलं काय कळतं? तुम्ही चहा टाका.”

वहिनी माझ्याकडे आल्या. आम्ही कागद काढून बसलो. हिंदू वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र नसेल तर पत्नी, मुलं-मुली आणि आई हे पहिले वारस. ते असताना भावाचा हक्क येत नाही. मालक वारल्यावर 30 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून गाडी वारसाच्या नावावर करायची. उशीर झाला असला तरी हे काम आधी. मग विक्रीचे फॉर्म 29 आणि 30. नुसती चावी देऊन पैसे घेऊ नका. गाडी नावावरून उतरली नाही आणि अपघात झाला, तर भरपाई नोंदीतल्या मालकावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितलं आहे.

आणखी एक. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली खाजगी गाडी 2021 च्या नियमाप्रमाणे ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं. म्हणजे ही गाडी भंगाराच्या भावाने द्यायची नाही!

वहिनींनी गाडी आधी स्वतःच्या नावावर करायला घेतली. मुलांनी संमती दिली, सासूबाईंनी अंगठा दिला. दीर आठ दिवस बोलले नाहीत. गिऱ्हाईक थांबलं आहे आणि भाव आता वहिनी सांगणार आहेत.

आज दुपारी कामं आटोपली की कपाट उघडा. घरातल्या गाडीचं आरसी बुक कोणाच्या नावावर आहे, विमा कधी संपतो, एवढं तरी बघून ठेवा. त्यासाठी गाडी चालवता यायलाच हवी असं नाही.