भिंतीतला हूक का निखळतो?

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर गॅरेज आहे. जागा कमी आणि वाहने जास्त, म्हणून मुलाची सायकल भिंतीवर टांगायचे ठरले. बाजारातून लांब दांड्याचे दोन हूक आणले, ड्रिलने भोके पाडली, प्लग घातले, स्क्रू आवळले. चार महिने सायकल छान लटकत राहिली. मग एका सकाळी ती शेजारच्या स्कूटरवर आडवी पडलेली दिसली. त्या वेळी खाली कोणी नव्हते एवढे नशीब. हूक वाकला नव्हता, स्क्रूही तुटला नव्हता. स्क्रू, त्याच्याभोवतीचा प्लग आणि मूठभर गिलावा असे सगळे मिळून भिंतीबाहेर आले होते.

‘वजन झेपलं नाही,’ असे शेजाऱ्यांचे मत पडले. पण सायकलचे वजन भरले १८ किलो, म्हणजे एका हूकवर ९ किलो. ५ मिलिमीटर जाडीच्या पोलादी स्क्रूला वरून दाबून कापायचे म्हटले तर शंभर किलोहून अधिक भार लागेल. मग बिघडले कुठे?

हा प्रश्न घरापुरता नाही. वर्गातला फळा, नकाशे, तसबिरी, भिंतीवरचा पंखा, दप्तरांच्या खुंट्या हे सगळे स्क्रू आणि हूक यांच्याच भरवशावर असते, आणि त्याखाली मुले बसतात.

वजन खाली, ओढ बाहेर

आठवी-नववीच्या वर्गात एवढेच विचारून पाहा : वजन तर हूकला खाली ओढते, मग हूक बाहेर का येतो? बरीच मुले गोंधळतात. तरफेचे तिन्ही प्रकार पाठ असलेलीही गोंधळतात, कारण भिंतीवरचा हूक ही तरफ आहे हे त्यांना कोणी दाखवलेले नसते.

हूकची पाटी भिंतीला चिकटलेली असते. दांड्याच्या टोकाला वजन अडकवले की सगळा हूक पाटीच्या खालच्या कडेवर टेकून पुढे झुकू पाहतो. ही खालची कड म्हणजे टेकू. भिंतीपासून वजनापर्यंतचे आडवे अंतर ही भारभुजा. वरच्या स्क्रूपासून खालच्या कडेपर्यंतचे उभे अंतर ही बलभुजा. वरचा स्क्रू हूकला झुकू देत नाही, म्हणून भिंतीबाहेर ओढला जातो तो स्क्रूच.

आता थोडे गणित. सायकल भिंतीला समांतर टांगायची तर अर्धे हँडल मध्ये येते, म्हणून ती भिंतीपासून सुमारे ३० सेंटिमीटर दूर राहते. आमच्या हूकच्या पाटीवर वरच्या स्क्रूपासून खालच्या कडेपर्यंत ६ सेंटिमीटर अंतर होते. ९ किलो गुणिले ३० भागिले ६, उत्तर ४५. टांगले ९ किलो, पण स्क्रूला बाहेर खेचणारे बल ४५ किलोग्रॅम-भार! पाटी ३० सेंटिमीटर उंच असती तर त्याच सायकलने स्क्रूला फक्त ९ किलोग्रॅम-भाराने ओढले असते. फळीखाली लावायचे ब्रॅकेट त्रिकोणी आणि उंच का असते, याचे उत्तर या एका भागाकारात आहे.

हिशेब इथेच थांबत नाही. खालच्या कडेवर तितकेच बल भिंतीकडे दाबत असते. गिलावा मऊ असेल तर तो तिथे चुरडतो, आणि टेकू कडेवरून थोडा वर सरकतो. टेकू वर सरकला की बलभुजा आखूड होते, स्क्रूवरची ओढ वाढते, आणि गिलावा आणखी चुरडतो. म्हणून सैल होऊ लागलेला हूक पुढे फार झपाट्याने सैल होतो.

जुन्या वाड्यांतल्या लाकडी खुंट्या आठवतात? त्यांना पाटी नसे, स्क्रूही नसे. भिंत रचतानाच खुंटी वीतभर आत बसवलेली असे. बाहेरचे टोक वजनाने खाली जायचे तर आतले टोक वर उचलले गेले पाहिजे, आणि त्यावर तर भिंतीचा भार बसलेला! आपण पाटीची उंची भिंतीबाहेर ठेवतो, त्या कारागिरांनी तोच आधार भिंतीच्या आत शोधला होता.

पकड कशाची?

स्क्रूचे आटे विटेत रुतलेले नसतात. ते प्लगमध्ये रुततात. स्क्रू आत शिरताना प्लग फुगतो आणि भोकाच्या कडेवर चहूबाजूंनी दाब देतो. या दाबामुळे निर्माण होणारे घर्षण हीच पकड. घर्षणांक ०.५ धरला तर ४५ किलोग्रॅम-भाराची ओढ अडवायला प्लगने भोकाच्या कडेवर एकूण ९० किलोग्रॅम-भाराचा दाब दिला पाहिजे.

इथे एखादा चौकस विद्यार्थी तुम्हाला अडवील. घर्षण संपर्कक्षेत्रावर अवलंबून नसते असे आपणच शिकवले आहे, मग लांब प्लग चांगला कसा? प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याला घाईने उत्तर देऊ नये. टेबलावरचा ठोकळा आडवा ठेवा की उभा, टेबलावर दाबणारे त्याचे वजन तेच राहते. क्षेत्रफळ दुप्पट झाले तर दर चौरस सेंटिमीटरवरचा दाब निम्मा होतो, म्हणून घर्षण बदलत नाही. प्लगला असे ठरलेले वजन नाही. फुगलेल्या प्लगचा प्रत्येक सेंटिमीटर भिंतीला स्वतंत्रपणे दाबतो, म्हणून लांबी दुप्पट केली की एकूण दाबच दुप्पट होतो. नियम दोन्हीकडे एकच, बदलतो तो दाब कुठून येतो हा भाग.

हे कळल्यावर आमच्या हूकचा गुन्हेगार सापडला. गॅरेजची भिंत मुळात वाकडी होती. ती ओळंब्यात आणण्यासाठी गवंड्याने त्या जागी जवळजवळ इंचभर गिलावा चढवला होता. आमचा प्लग ३० मिलिमीटरचा, त्यातले २५ मिलिमीटर गिलाव्यात आणि विटेत शिरले होते जेमतेम ५. गिलाव्याचा थर विटेला चिकटलेला असतो खरा, पण ओढ आली की तो पापुद्र्यासारखा सुटतो.

भोक पाडताना पडणारी पूड पाहिली असती तर हे आधीच समजले असते. गिलाव्याची पूड करडी असते. विटेत शिरताच ती लाल होते. लाल पूड सुरू झाली की तिथून पुढे प्लगची लांबी मोजायची. पूड करडीच राहिली आणि ड्रिल लोण्यात सुरी जावी तसे सरकू लागले, तर दोन विटांमधली दरज लागली समजावे आणि भोक दोन-तीन सेंटिमीटर सरकवावे. करडी पूड आणि ड्रिल पुढे जाईना, तर आत काँक्रीट आहे. तिथे पकड उत्तम मिळते, फक्त हॅमर ड्रिल लागते. अलीकडच्या इमारतींत पांढुरकी पूड भराभर पडते ती हलक्या, सच्छिद्र ब्लॉकची. त्याला साधा प्लग चालत नाही. ब्लॉकसाठीचे लांब प्लग वेगळे मिळतात, ते घ्यावेत. स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली मात्र कधीही भोक पाडू नये, कारण विजेच्या नळ्या बहुधा तिथूनच जातात.

भोकातली पूड काढून टाकणे हे सगळ्यांत दुर्लक्षित काम. प्लग आणि वीट यांच्यामध्ये बारीक पूड राहिली तर प्लग विटेला घासण्याऐवजी पुडीवर घसरतो. तोंडाने फुंकर मारली तर ती डोळ्यांत जाते. सायकलच्या पंपाला पातळ नळी लावून दोन-चार झटके दिले की भोक स्वच्छ होते.

गुटक्यापासून नायलॉनपर्यंत

प्लग येण्यापूर्वी भिंतीत लाकडाचा गुटका बसवत. चांगला गवंडी रुंद बाजू आत आणि निमुळती बाहेर ठेवून तो सिमेंटमध्ये बसवी, म्हणजे तो बाहेर येऊच शकत नसे. घाईचा कारागीर नेमके उलटे करी : निमुळते टोक आत आणि वर हातोडा. पावसाळ्यात लाकूड फुगते तेव्हा असा गुटका घट्ट वाटतो, पण चैत्र-वैशाखात ते सुकून आक्रसते. लाकूड रेषांच्या दिशेने फारच थोडे आक्रसते, रेषांना आडवे मात्र त्याच्या कित्येक पट. ठोकलेल्या गुटक्याच्या रेषा भोकाच्या लांबीच्या दिशेने असतात, त्यामुळे तो आक्रसतो तो जाडीतच, म्हणजे जिथे पकड हवी तिथेच. जुन्या घरांत विजेचे बोर्ड उन्हाळ्यात खुळखुळताना ज्यांनी पाहिले असतील त्यांना हे वेगळे सांगायला नको.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये भिंतींना फारशी इजा न करता विजेची उपकरणे बसवायची होती. त्या कामातून जॉन जोसेफ रॉलिंग्ज यांनी १९११ च्या सुमारास तागाच्या धाग्यांचा प्लग तयार केला. आपल्याकडे कोणत्याही कंपनीच्या प्लगला ‘रॉल प्लग’ म्हणतात ते त्यांच्याच नावावरून. पुढे १९५८ मध्ये जर्मनीच्या आर्टूर फिशर यांनी नायलॉनचा, दोन भागांत फाकणारा, बाहेरून दाते असलेला प्लग काढला. आज आपण वापरतो तो बहुतेक त्याचाच वंशज.

प्लॅस्टिकलाही एक खोड आहे. सतत दाबाखाली ते अतिशय सावकाश पसरत जाते आणि दाब थोडा उतरतो. चार दिवसांत न पडलेला हूक चार महिन्यांनी पडतो त्याचे हे एक कारण. दुसरे कारण आपला हात. सायकल हूकवर हलकेच टेकवणारे विरळा, बहुतेक जण ती सोडून देतात.

याचा एक सोपा प्रयोग वर्गात करता येतो. २ किलोच्या तानकाट्याला अर्ध्या किलोचे वजन अडकवा, पण ते हाताने असे तोलून धरा की काटा शून्यावर राहील. मग हात एकदम काढा. काटा अर्ध्या किलोवर न थांबता एक किलोच्या जवळपास जाऊन परत येतो. वजन उंचावरून टाकलेले नसतानाही क्षणभर दुप्पट बल लागले. सायकल रोज अशी सोडली तर ४५ चे ९० रोज होतात.

स्टेशनरीच्या किंवा हत्यारांच्या दुकानात भोकांच्या फळीवर नुसते अडकवलेले हूक असतात. तिथे अडचण उलटी असते. पाना काढताना हात वर जातो, हूकही त्याबरोबर उचलला जातो आणि निघून येतो. शेजारच्या भोकातून बारीक तार घालून हूकची मान फळीला बांधली की काम झाले.

भोक एकदा मोठे झाले की त्यात काडेपेटीच्या काड्या कोंबण्याची आपल्याकडे रीत आहे. कॅलेंडरसाठी ठीक, सायकलसाठी नाही. काड्या म्हणजे छोटे गुटकेच, त्याही उन्हाळ्यात आक्रसतात. शक्यतो जुने भोक बुजवून टाकावे आणि विटेचा धडका भाग बघून थोडे दूर नवे पाडावे.

आम्ही तसेच केले. ३० सेंटिमीटर उंचीची त्रिकोणी ब्रॅकेट घेतली, ६० मिलिमीटरचे प्लग घातले आणि स्क्रू प्लगच्या टोकाबाहेर थोडा जाईल एवढ्या लांबीचा निवडला. सायकल टांगण्याआधी प्रत्येक ब्रॅकेटच्या टोकाला बादलीसकट १८ किलो भरेल इतके पाणी लटकवले, म्हणजे दुप्पट भार. खाली पोती टाकली आणि कोणाला फिरकू दिले नाही. दुसऱ्या दिवशी वहीच्या कागदाची पट्टी ब्रॅकेटच्या वरच्या कडेमागे सारून पाहिली. पट्टी शिरली असती तर वरचा स्क्रू सुटू लागला असे समजायचे. ती शिरली नाही. दर महिन्याला पाहतो, अजून शिरलेली नाही.

तीच पट्टी खिशात घालून एक दिवस शाळेत नेली आणि मुलांकडून सगळ्या वर्गांतल्या खुंट्या तपासून घेतल्या. सातवीच्या वर्गात दाराजवळच्या दोन खुंट्यांमागे ती सरळ आत गेली. त्या खुंट्यांना लटकून मुले उड्या मारत असत, हेही तेव्हाच कळले.